ओट्यावर सरकणारा फोन

नात पीठ मळत होती आणि ओट्यावर ठेवलेला तिचा फोन थरथरत हळूहळू कडेकडे सरकत होता. त्यात म्हणे गावोगावच्या कॉलेजांतल्या पोरापोरींचा ग्रुप आहे, सगळ्यांना स्वतःचा धंदा काढायचाय. हिला नाचणीची बिस्किटं विकायचीत. पण उद्या नोकरीची मुलाखत. जावं की नाही, हे तिनं घरात विचारायचं सोडून तिथं विचारलेलं!

"काय म्हणतात गं तुझे लोक?"

"अर्धे म्हणतात जा, अर्धे म्हणतात बिस्किटंच कर. तू सांग ना आज्जी."

मला मेलीला काय कळतंय त्यातलं! सून ओरडली, "आई, आधी तो फोन बंद करा बघू."

मी उचलला, तर तळहाताला मुंग्याच आल्या. कुठल्या कुठल्या गावची पोरं, ओळख ना पाळख, आपापल्या घरी अशीच कडेला आलेली असतील आणि एकमेकांना विचारत असतील. आमच्या वेळी छातीतली धडधड ज्याची त्यालाच ऐकू यायची.

फोन काही बंद केला नाही. खाली मसोत्याची घडी घातली आणि त्यावर ठेवला.

नात अजून माझ्याकडेच बघत होती.

"थरथरू दे गं," म्हटलं, "पडत नाही आता."