टाकीकडं तोंड केलेला बाक

आमच्या वॉर्डाचे मेंबर अभ्यास दौऱ्यात समुद्राकाठच्या एका उपनगराची नगरपालिका बघून आले. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिथं'पासून सुरू होतं. गटार तुंबल्याचं सांगायला गेलं, की ते शांतपणे ऐकतात, मिशीवरून बोट फिरवतात आणि म्हणतात, "तिथं गटारं झाकलेली असत्यात." एवढं सांगितलं की गटाराचं काम झालं, अशी त्यांची समजूत आहे. परंड्याला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला भरती-ओहोटी समजावून सांगितली. भात गार होईपर्यंत.

तिथल्या लोकांना संध्याकाळी पाण्याकडं बघत बसायला बाक आहेत, हे त्यांना लई आवडलं होतं. म्हणून पालिकेच्या खर्चानं आमच्याकडंही सिमेंटचा एक बाक आला. समुद्र नसल्यामुळं त्याचं तोंड पाण्याच्या टाकीकडं केलं. टाकी उन्हाळाभर कोरडी असते. बाकाच्या पाठीवरचं मेंबरांचं नाव मात्र पार रस्त्यावरून वाचता येतं.

परवा टँकरची वाट बघत मी आणि शेजारच्या काकू त्या बाकावर बसलो होतो. मेंबरांची गाडी थांबली, काच अर्धी खाली आली. आम्हाला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"काकू, तिथं बी माणसं अशीच पाण्याकडं बघत बसत्यात."

"व्हय," काकू म्हणाल्या, "पर त्यांच्या मांडीवर रिकामी घागर नसंल."

मेंबरांनी गंभीरपणे मान डोलावली. आठवड्याभरात घागरी ठेवायला शेजारी दुसरा बाक आला.