मुलीला फक्त मराठी ऐकवली ते वर्ष

आमच्या मुलीला ऐकू येत नाही. हे आम्हाला ती चार वर्षांची झाल्यावर कळलं. इतके दिवस कसं कळलं नाही, असं लोक विचारतात आणि मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगते. आता जे झालं ते लिहिते.

ती यांच्या चुलतबहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणात गेली. तिच्या घरात आधीच तीन मुली होत्या आणि आमच्याकडे एकही मूल नव्हतं. नागपूरकडच्या त्या गावात मला पाटावर बसवून, खणानारळासोबत, मुलगी माझ्या ओटीत घातली. मी तिला घेऊन भिलाईला आले तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये क्वार्टर तयार होते, रस्ते व्हायचे होते.

पोलादाचा प्लांट उभा होत होता. जमिनीत खांब ठोकत, दारावरून डंपर जात, क्वार्टरची फरशी थरथरे. फरशी थरथरली की मुलगी दचकून दाराकडे बघे. आम्ही म्हणायचो, कान फार तिखट आहेत. तिची झोपमोड होऊ नये म्हणून मी यांना घरात हळू बोलायला लावत असे.

तीन वर्षांची झाली तरी ती बोलेना. तेव्हा मोठी नणंद आली होती. तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना विचारलं, "अवं, तुह्या लाइनीत राह्यते कोन कोन?"

मी सांगितलं. डावीकडे केरळचे, उजवीकडे तेलुगू, समोर पंजाबी, मागे बंगाली. दूधवाला छत्तीसगढी बोलतो.

"मंग! पोरगी पाच-सहा भाषा ऐकून राहिली. कोनती बोलन ते? कावून बोलन?"

"मंग काय करू, ताई?"

"दार लाव अन् मराठी बोल. आमच्या घरात कोनी मुकं नाही, आधीच सांगून ठेवते."

मुलगी त्यांच्याच रक्ताची. तेव्हा ते शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं हे उघड होतं.

नणंदेचं म्हणणं मला पटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ते मला सोयीचं होतं. डावीकडच्या शेजारणीला सात वर्षांची मुलगी होती. ती आणि आमची दिवसभर त्यांच्या ओट्यावर असत. दोघी हातांनी काय काय करत आणि हसत. आमची माझ्याजवळ पदर ओढण्यापलीकडे काही सांगत नसे. एकदा ती पडली, गुडघा फुटला. मी चार पावलांवर होते. ती मला ओलांडून शेजारणीकडे गेली. शेजारणीला तिची मुलगी अम्मा म्हणे. आमची पहिला शब्द बोलेल तो अम्मा असेल आणि तिला म्हणेल, हे माझ्या डोक्यात बसलं.

मी शेजारणीला सांगितलं, "बच्ची को मत भेजना. अभी उसको सिर्फ मराठी सिखाना है."

ती म्हणाली, "अच्छा, दीदी."

मग मी कडी लावली. रोज कामं आटपली की मुलीला समोर बसवायची, तिचे हात तिच्याच गुडघ्यांखाली दाबून ठेवायचे आणि बोलायला लागायचं. पाणी. चप्पल. आई. आई जास्त वेळा. हात सुटले की ती काहीतरी खूण करी. मी पुन्हा दाबायची. "तोंडानं माग." शेजारची पोरगी अंगणाच्या भिंतीवरून डोकावे, तेव्हा मी आमचीला आत न्यायची. काही महिन्यांनी आमची आपणहून हात गुडघ्यांखाली घालून बसू लागली. मी यांना म्हटलं, वळण लागलं.

हे प्लांटमध्ये फिटर. दिवसभर रशियन साहेबाबरोबर काम. दोघांना एकमेकांची भाषा यायची नाही.

"अवं, साहेब अन् मी हातानंच बोलतो," हे एकदा म्हणाले. "आज पुरा वॉल्व्ह बसवून टाकला. पोरगी हातानं मागते तं मागू दे ना."

"तुमचा साहेब घरी जाऊन रशियन बोलतो," मी म्हटलं.

 ते उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं.

शिकवून शिकवून माझा घसा बसला. एके दिवशी सकाळी आवाजच फुटेना, कुजबुजही नाही. तरी शिकवणी बुडू नये म्हणून मी नुसते ओठ हलवले. पाणी आण. तिनं लोटा आणला. चप्पल आण. चप्पल आणली. मला इतका आनंद झाला की हे ड्यूटीवरून येताच मी दारातच सांगितलं. आवाज नव्हता, म्हणून हातांनी सांगितलं. बघा, मी बोलत नाही तरी हिला ऐकू येतं.

हे हसले. मग हसायचे थांबले.

"तुहा तं आवाजच नाही निघून राहिला. मंग हे ऐकते काय?"

मुलगी खाटेवर पाठमोरी बसली होती. यांनी मागून हाक मारली. मग मोठ्यानं. मग प्लांटमध्ये क्रेनवाल्याला मारतात तशी. समोरचे पंजाबी काका बनियनवर बाहेर आले, "क्या हुआ भाईसाब?" मुलगी चपलेचा पट्टा बक्कलमध्ये घालत होती. तो घालून झाल्यावर तिनं दुसरी चप्पल घेतली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. ऐकू येत नाही, येणारही नाही. पण ओठ छान वाचते, आईनं मेहनत घेतलेली दिसते. हे कौतुक मी घेतलं.

"हातांनी खुणा करते का?" त्यांनी विचारलं.

"करत होती," हे म्हणाले. मी पंख्याकडे बघत होते.

परतल्यावर मी मुलीला घेऊन शेजारणीच्या दारात गेले. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. म्हटलं, "उसको सुनाई नहीं देता."

"मालूम है, दीदी."

"कब से?"

"पहले से. मेरी बेटी बोली. हमको लगा आपको मालूम है, दुख है, इसलिए दरवाजा बंद है."

तिनं चहा केला. मी प्यायले.

तिची मुलगी ओट्यावर येऊन आमच्यासमोर बसली आणि खूण केली. आमची गुडघ्यांखाली हात घालून बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिचे हात बाहेर काढले. ते मांडीवर ठेवले तसे राहिले.

कितीतरी दिवस आम्ही तिघी त्या ओट्यावर बसलो. शेजारची पोरगी दोघींना शिकवे. माझ्याशी कडक होती. "आंटी, उल्टा! ये तो चावल हो गया." आमचीचे हात हळूहळू पुन्हा हलायला लागले, तिच्याकडे बघून, माझ्याकडे नाही.

एक दिवस मी विचारलं, "माफ कर, असं कसं म्हणायचं?"

पोरीनं विचार केला. "वो तो हमने बनाया ही नहीं, आंटी. झगड़ा होता था तो थोड़ी देर में फिर खेलते थे."

मग मी जेवायला चल, एवढंच शिकून घेतलं. त्या दुपारी दोघींचा खेळ ऐन रंगात होता. मी समोर जाऊन ती खूण केली. आमचीनं माझा अंगठा धरून नीट केला. मग हाताच्या पाठीनं मला मागे सारल्यासारखं केलं. नंतर येते.

मला समजलं. मी घरी आले आणि तिचं ताट झाकून ठेवलं.