कुटाराची पोती

मांडव बांधण्यात माझी हयात गेली. एकदा वावधनाच्या वाऱ्यात माझा मांडव उडाला, तो गिरडच्या टेकडीवर जाऊन उतरला आणि आत जेवणाऱ्या नवरदेवाच्या वाटीतली कढीसुद्धा सांडली नाही. हे इतक्यांदा सांगितलंय की आता मलाही खरं वाटतं.

मागल्या उन्हाळ्यात वर्ध्याच्या बगिच्यात शहराच्या आखणीचं प्रदर्शन भरलं. आपले रस्ते असे सरळ कसे, चौक कसे मापले, याचे जुने नकाशे लावायला बांबू-कापडाची तात्पुरती दालनं हवी होती. सगळ्यात मोठं माझ्याकडे आलं. आर्किटेक्ट मॅडमची अट एकच : हिरवळीत खड्डा नको, खांबांच्या पायाला रेतीची पोती बांधा. नेमका रेतीघाट बंद. मी आंजी गावच्या साळ्याकडून सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा हलका भुसा, आणलं, पोती ठासून भरली, वरून पांढरं कापड गुंडाळलं.

"मॅडम, हत्ती बांधा. हलला तर मिशी काढतो."

उद्घाटनाच्या दुपारी बायको सिंदी मेघेतली अख्खी गल्ली घेऊन आली. नऊ बायका नकाशात आपापलं घर शोधत असताना पश्चिमेला आभाळ काळवंडलं, धूळ उठली. कोपऱ्यातलं पोतं माझ्या डोळ्यांदेखत खांबासकट वीतभर उचललं गेलं. कुटाराचं कसं सांगणार? दारातूनच ओरडलो, "साप! बारा हाताचा! भाईर निघा!"

बायका वळल्या. बायकोनं त्यांना हातानंच थांबवलं.

"पाहा वो तुमी नकाशे. यायले रोजच काई ना काई दिसते. मागं वाघ दिसलता, तो शेजारणीचा बोका निघाला."

सगळ्या खदखदून हसल्या. वर बांबू करकरला. तसाच आत शिरलो, तिचं मनगट धरलं.

"पोत्यात रेती नाई. कुटार हाय."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. तो थरथरत होता.

"अवो माय, खरं बोलून राह्यले हे! पळा!"

शेवटची बाई बाहेर पडली आणि दालन नकाशांसकट उठलं, चिंचेत जाऊन अडकलं. मॅडमच्या केसांत कुटार. त्यांनी विचारायच्या आधीच मी सगळं कबूल केलं.

आता लोक विचारतात, किती लांब उडालं? मी म्हणतो, वीस पावलं. ते हिरमुसतात. पण मला पुढं वाढवता येत नाही. हात अजून थरथरतो.