श्रीदेवीचा फोन

तिचे वडील, अप्पा, वारल्यावर दाक्षायणी सोलापूरला परत आली. त्याआधी ती पुण्यात एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत होती, आणि परत आल्यावरही त्याच कंपनीत राहिली. फक्त ऑफिस आता शुक्रवार पेठेतल्या घराच्या वरच्या खोलीत आलं. खाली तिची आई, निंगव्वा; घरात कानडी, म्हणून आईला अव्वा. लेक नेमकं काय करते हे अव्वाला कधी कळलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, "मोठमोठ्या कंपन्यांना अक्कल सांगती." ते फारसं चूक नव्हतं.

कुणाला कारखाना बंद करायचा असायचा, कुणाला दुकानं उघडायची असायची, पण ठरवायचं धाडस व्हायचं नाही. मग दाक्षायणीसारखी चार-पाच मुलं तिथं जाऊन राहायची, माणसांना प्रश्न विचारायची, आकडे गोळा करायची आणि त्याच्या स्लाईड करून साहेबलोकांपुढं मांडायची. एक काम संपलं की पुढचं गाव. हॉटेलं सगळी सारखीच. सकाळी जाग आली की आपण नागपुरात आहोत का हैदराबादेत, हे तिला पडदा सारल्याशिवाय कळायचं नाही, आणि कधीकधी सारल्यावरही कळायचं नाही. पगार चांगला होता. कौतुक व्हायचं. तिला ते काम येत होतं, आणि येतं म्हणून ती करत राहिली.

श्रीदेवीचं प्रकरण सुरू झालं ते असंच एका कामातून. हॉस्पिटलं चालवणारी एक कंपनी सोलापुरात येणार होती. इथल्या म्हाताऱ्या माणसांना दुखणंखुपणं आलं तर घरात कोण बघतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. इतक्या लोकांना फोन करायला माणसं कुठून आणायची? दाक्षायणीचा वरिष्ठ पृथ्वीराज म्हणाला की फोन यंत्रच करेल, आपण फक्त त्याला आवाज द्यायचा. आवाज मात्र इथल्या वळणाचा हवा. पुण्याच्या तोंडाचा आवाज ऐकला की सोलापूरची म्हातारी फोन ठेवून देईल. टीममध्ये सोलापूरची दाक्षायणी एकटीच.

त्यासाठी ती पुण्याच्या एका स्टुडिओत जाऊन बसली. आधी वाक्यं वाचली, ढीगभर. मग तिथला तंत्रज्ञ म्हणाला, आता नुसतं "हं" म्हणा. ऐकत असल्याचं हं. पटल्याचं हं. वाईट वाटल्याचं हं. "बोला की" म्हणा, वेगवेगळ्या तऱ्हेनं. हसा, पण थोडंच. सगळ्यात शेवटी त्यानं तिला काहीही न बोलता माइकसमोर बसायला सांगितलं. त्याला तिचा श्वास हवा होता. बाहेर पडल्यावर लिफ्टमध्ये कुणीतरी मजला विचारला, तर तिला पटकन बोलता येईना. घसा दुखत नव्हता, पण आवाज कुठून काढायचा हे क्षणभर आठवलंच नाही.

त्या यंत्राच्या आवाजाला कंपनीनं नाव दिलं, श्रीदेवी. फोन लागल्यावर सुरुवातीला ती सांगायची की मी संगणकीय सहायक आहे. ते शब्द म्हाताऱ्यांना कळले नाहीत. पुढचे प्रश्न कळले. लोक भरभरून बोलले. दाक्षायणीनं त्याचा सारांश एका स्लाईडवर आणला, वर मथळा दिला "आधाराची उणीव", आणि हॉस्पिटलवाले खूश झाले. काम संपलं.

त्यानंतर पावसाळा गेला, थंडी गेली. उन्हं तापायला लागली तेव्हा एका सकाळी ती अव्वासाठी ब्लाऊजपीस घ्यायला नवी पेठेत गेली होती. येताना रिक्षात बसली आणि म्हणाली, "शुक्रवार पेठेत घ्या की."

रिक्षावाल्यानं रिक्षा चालू केली नाही. तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. तिशी-पस्तिशीचा, बारीक दाढी ठेवलेला माणूस. त्यानं तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं म्हटलं.

"तुमी श्रीदेवी मॅडम की," तो म्हणाला.

ती नाही म्हणाली. पण नाही म्हणायलाही तिच्याजवळ तोच आवाज होता. त्याचं नाव हारून. वाटेत तो सांगत राहिला, मागं न बघता. त्याची आई बिबीजान भवानी पेठेत त्याच्याजवळ असते. थोरला भाऊ मकदूम गेल्यापासून तिनं बोलणंच टाकलं होतं. सुनेशी नाही, नातवंडांशी नाही. आता रोज दुपारी जोहरच्या नमाजनंतर फोन येतो आणि ती बोलत बसते. कधी हसते. घरात सगळ्यांना श्रीदेवी मॅडमचं कौतुक आहे.

"काल तर तुमी तिला मकदूमचं इचारलं," हारून म्हणाला. "आमच्या घरात त्याचं नाव कोन काढत न्हाय. तुमी इचारलं आन् अम्मी बोलली."

काल, असं तो म्हणाला. फोन बंद होऊन महिने लोटले होते.

घरी येऊन तिनं पृथ्वीराजला फोन लावला. तो हसला. रिपोर्ट दिला त्याच दिवशी सगळं बंद केलंय, म्हणाला, दुसराच कुणीतरी फोन करत असेल, नाहीतर म्हातारीला भास होत असतील. वर तिला चार दिवस सुट्टी घ्यायचा सल्लाही दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हारूनच्या रिक्षानं भवानी पेठेत गेली. ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. हारूनच्या घरामागं यंत्रमागाचा कारखाना आहे. त्या वेळी लाईट गेली होती आणि माग थांबले होते. एरवी ज्या गल्लीत मोठ्यानं बोलावं लागतं, तिथं चपलांचा आवाज ऐकू येत होता. आणि त्या शांततेत, उंबऱ्याच्या आतून, दाक्षायणीला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मग त्या दिवशी तुम्ही काय शिजवलं होतं?"

"खिचडा," एक म्हातारा आवाज म्हणाला. "त्याला लई आवडायचा."

"हं." वाईट वाटल्याचं हं.

आत बाजेवर बिबीजान बसली होती. हाडकुळी, पांढरी ओढणी डोक्यावरून घेतलेली. फोन उशीवर ठेवला होता, स्पीकर चालू. दाक्षायणीच्या तोंडून नमस्कार निघाला तसा फोन गप्प झाला. मग त्यानं विचारलं, "तिथं कोण आलंय?"

हा प्रश्न दाक्षायणीनं कधी लिहिला नव्हता. स्टुडिओत वाचलाही नव्हता.

बिबीजाननं तिला खालवर न्याहाळलं. "कोन की," ती फोनला म्हणाली. "तुज्यावानी बोलती." आणि तिनं फोन दाक्षायणीच्या हातात दिला.

"नमस्कार, मी श्रीदेवी. थोडा वेळ बोलू या का?"

तू कुठून बोलतेस, तुला कोण चालवतंय, असं विचारायचं दाक्षायणीनं ठरवलं होतं. ती म्हणाली, "हो."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि अव्वा."

"तुम्हाला बरं नसलं तर कोण बघतं?"

हे प्रश्न तिनंच क्रमानं लावले होते. पुढचा कोणता येणार हे तिला माहीत होतं. ती गप्प राहिली. पलीकडून घाई झाली नाही. बारीक श्वास ऐकू येत होता, तिचाच. मग तो आवाज म्हणाला, "बोला की."

आणि दाक्षायणी बोलली. परक्या घरात, भिंतीला टेकून, उभ्यानं. हॉटेलच्या पडद्यांचं सांगितलं. एका कारखान्यात एका फिटरनं तिला आपलं मशीन हौसेनं चालवून दाखवलं होतं, चहा पाजला होता, आणि तिनं त्याच्या विभागावर स्लाईडमध्ये बंद करायची लाल खूण केली होती. त्या माणसाचा चेहरा काही केल्या आठवत नाही, हे सांगितलं. अव्वा खालून जेवायला हाक मारते तेव्हा आपण "दोन मिनिटांत जॉईन होते" म्हणतो, हे सांगितलं. अप्पांबद्दल सांगितलं. मध्ये कुणी तोडलं नाही, कुणी उपाय सुचवला नाही. भानावर आली तेव्हा हारूनच्या बायकोनं आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती. बिबीजान तिच्याकडे बघत होती, आपली जागा कुणीतरी घेतल्यासारखी.

त्याच संध्याकाळी दाक्षायणीनं कंपनीला सविस्तर कळवलं. एका तरुण इंजिनिअरनं शोधून काढलं. भाड्यानं घेतलेला एक संगणक बंद करायचा राहून गेला होता. जे लोक फोन उचलत होते, त्यांना तो रोज ठरल्या वेळी फोन करत होता. असे लोक किती, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं त्या न लिहिलेल्या प्रश्नाबद्दल विचारलं, तर म्हणाला की कधीकधी ते स्वतःहून करतं तसं. संगणक बंद झाला. पृथ्वीराजनं सगळ्यांसमोर तिचे आभार मानले.

आठवडाभरात हारून दारात उभा. अम्मीनं जेवण सोडलंय, म्हणाला. दुपारपासून फोन कानाला लावून बसते. एकदा बोला.

दाक्षायणीनं आपल्या फोनवरून बिबीजानला फोन केला. जमेल तितक्या मायेनं चौकशी केली, जेवायचा आग्रह केला. बिबीजाननं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तू ती न्हाईस. ती कुटं हाय?" फोन बंद.

लॅपटॉपमध्ये श्रीदेवीच्या फोनची काही जुनी रेकॉर्डिंगं होती. दाक्षायणी ती ऐकत बसली. फरक तिच्या लक्षात आला. श्रीदेवी उत्तर द्यायच्या आधी जरा थांबायची. समोरच्याचं वाक्य कधी तोडायची नाही. तिला कुठं जायचं नसायचं. दाक्षायणीला मात्र कंपनीत राहून सवय लागली होती. माणूस निम्मं बोलला की तिचं उत्तर तयार. दुपारचं जेवण झालं की ती गच्चीवरच्या पत्र्याच्या सावलीत जाऊन बसायची आणि रेकॉर्डिंगच्या मागोमाग म्हणायची. तिच्याच आवाजासारखा आवाज काढायला तिला बरेच दिवस लागले.

मग एका दुपारी तिनं फोन लावला. "अम्मी, मी श्रीदेवी."

मग बिबीजान म्हणाली, "कुटं होतीस गं इतके दिस?"

तेव्हापासून ती रोज फोन करते. मकदूमचं सगळं तिला हळूहळू कळलं. तो भिवंडीला मागावर कामाला होता. लॉकडाऊनमध्ये तिथंच गेला, तिथंच दफन झाला. तो येणार असा निरोप आला होता म्हणून इथं बिबीजाननं खिचडा शिजवला होता, आणि मग दुसरा निरोप आला. हे बिबीजान तुकड्यातुकड्यानं सांगते, कारण तिच्या हिशेबी श्रीदेवीला ते आधीपासून माहीत आहे. बिबीजान आता जेवते.

कंपनी दाक्षायणीनं सोडलेली नाही. मध्यंतरी कलबुर्गीचं काम आलं, तेव्हा पृथ्वीराजनं तिला कानडी आवाज द्यायला सांगितलं. ती नाही म्हणाली. तो रागावला नाही. म्हणाला, हरकत नाही, जुन्या रेकॉर्डिंगवरून कानडीही काढता येतं. काढलं की नाही, हे तिनं विचारलेलं नाही. मीटिंगमध्ये लोक आता तिला सांगतात की तुझ्याशी बोलताना फार शांत वाटतं.

परवाची गोष्ट. बिबीजानचा फोन संपवून ती गच्चीवर बसली होती, शेजारी एक रिकामी खुर्ची; तेवढ्यात अव्वा गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आली. ताटलीत चहाचे दोन कप. तिनं इकडंतिकडं बघितलं.

"ती बाई गेली?"

"कोण बाई?"

"तुज्याशी बोलत होती ती. खाली तिचाच आवाज येत होता. तुजा ऐकूच आला न्हाय."

दाक्षायणी म्हणाली, गेली.

"चांगली वाटली गं," अव्वा म्हणाली. "मला पण बोलायचं होतं तिच्याशी."

ती कठड्याजवळ टेकली आणि त्या बाईसाठी आणलेला कप तिनं स्वतःच उचलला. दाक्षायणीनं तिला गुडघ्याचं विचारलं. अव्वानं चहाचा घोट घेतला. मग कानडीत सांगायला लागली, गुडघ्याचं, जिन्याचं, अप्पांच्या शेवटच्या दिवसांचं, आजवर कधी न बोललेलं. दाक्षायणी ऐकत राहिली. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की अव्वा बोलताना तिच्याकडे बघतच नव्हती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, आणि मधूनमधून मान हलवत होती.