सरोजच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेत देवालाही सरळ शब्दांत नाही. मग तुम्हालाच का? आई मागच्या महिन्यात गेली. हे ऐकून मोडेल असं माझ्या घरात आता कुणी उरलेलं नाही — कदाचित एवढंच कारण असेल.

सुरतेत मी एका मराठी दैनिकाचा वार्ताहर आहे. आमच्या कामात एक नियम पहिल्याच आठवड्यात शिकवतात: जे स्वतः ऐकलं नाही, ते कुणाच्या तोंडी घालायचं नाही. बातमीत हा नियम मी कधी मोडला नाही. घरी मोडला. एकदाच — निदान बरीच वर्षं मी स्वतःला तसं सांगत आलो.

आम्ही मूळचे जालन्याचे. वडील सुरतेजवळच्या सचिन गावी एका कारखान्यात रंगखात्यात होते. प्लेगच्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, उन्हाळ्याच्या तोंडाशी ते अचानक गेले. मागे आई, मी आणि माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटी सरोज. ती सुरतेतल्याच गोडादरा वस्तीत बालवाडी चालवायची.

पावसाळा सरताना शहरात प्लेगची बातमी पसरली. लोक तोंडाला रुमाल बांधून मिळेल त्या गाडीनं शहर सोडत होते आणि मी ते लिहीत होतो. त्यातच एका सकाळी सरोजला ताप भरला, खोकला सुरू झाला. रिक्षावाला तयार होईना. आईला घरी थांबवून मी सरोजला स्कूटरवर बसवलं. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. शर्टातून चटका बसत होता. आणि मला काय वाटत होतं, सांगू? हिचा श्वास माझ्या मानेला लागू नये.

दवाखान्यात तिला खाट मिळाली. मी वॉर्डच्या दारातच थांबलो. आत जायला मनाई नव्हती — हे नोंदवायला हवं. इतरांचे भाऊ, नवरे आत बसलेले मला दिसत होते. बातमी देऊन येतो, असं मी दारातूनच सांगितलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. बातमी संध्याकाळी सहापर्यंत दिली तरी चालणार होती.

मी स्टेशनवर गेलो आणि पळणाऱ्या माणसांवर लिहिलं. कोण कुठल्या गावी निघालंय, कुणी घरात कुणाला मागे ठेवलंय — सगळं विचारून, पडताळून. त्या बातमीत मी नव्हतो.

चारला परतलो तेव्हा खाट रिकामी होती. एक वयस्कर आया पुढे आली. ‘भाई, बेन बार बार —’ एवढं ती बोलली आणि मी हात वर करून तिला थांबवलं. ‘पुढे काय झालं?’ हे विचारून पोट भरणारा माणूस मी — तिला पुढचं बोलू दिलं नाही.

तपासणीत प्लेग निघाला नाही, न्यूमोनिया होता. हे नंतर कळलं. त्यानं काय बदलतं? प्लेग असता, तर माझं पळणं बरोबर ठरलं असतं?

घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. माझा चेहरा बघून ती खाली बसली. मग तिनं एकच विचारलं, ‘घाबरली का रे पोर?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘माझा हात धरला होता तिनं. म्हणाली, आईला सांग, मला भीती वाटत नाही.’

वाक्य अडखळलं नाही. नेटकं, छोटं, छापता येईल असं आलं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. सुतार शहर सोडून गेलेला, त्यामुळे क्रूस करून मिळाला नाही. पाळकसाहेबांच्या अंगणातल्या शेवग्याची मनगटाएवढी फांदी मातीत खोचली आणि तिला नावाची पत्र्याची पाटी बांधली.

हिवाळाभर आई ताटासमोर नुसती बसून राहायची. एका वर्षात दोन माणसं. पण ते वाक्य तिनं धरून ठेवलं होतं.

ईस्टरला पहाटे आमची मंडळी कबरस्थानात जमते. आदल्या दिवशी कबरी झाडून चुना लावलेला असतो. मेणबत्त्या पेटवायच्या, गायचं आणि उजाडायची वाट बघायची. कडुलिंबाला तांबूस पालवी आली होती. सरोजच्या उशाची फांदीही फुटली होती — नुसती पानं नाहीत, पांढऱ्या फुलांचा एक तुराही. शेवगा असाच रुजतो. त्यात चमत्कार नाही, आणि आईला ते माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी ती हसली. कित्येक महिन्यांनी.

‘शेंगांची आमटी केली की ताट सरकवायची,’ म्हणाली. ‘आता बघ म्हणावं, उशाशीच येऊन बसलाय.’

पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला कोण उठतं म्हणून पाहिलं, तर आई उभी. माझा मालक गेला, लेक गेली, ती म्हणाली, पण ज्यानं मरणाला हरवलं त्याच्या हातात ती दोघं आहेत. आणि मग ते वाक्य — माझं वाक्य — तिनं सरोजचं म्हणून सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या कबरीपाशी मंदाबाई बसल्या होत्या. त्यांचा नवरा इच्छापोर गावी कामावर गेलेला जिवंत परत आला नव्हता. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तेच शब्द हळूच पुटपुटल्या.

त्या सकाळी मलाही आशा वाटली. हे लिहिताना संकोच होतो, पण खरं आहे. माझ्या वाक्यामुळे नव्हे. त्याच्या आधी आई जे बोलली, त्यामुळे. ते तिचं स्वतःचं होतं. कबर हा शेवट नाही, आपली माणसं पुन्हा भेटतील — लहानपणापासून म्हणत आलेलं हे मी पहिल्यांदा मानलं. आणि त्याच क्षणी आत गारठलो. भेटतील — म्हणजे सरोजही भेटेल.

तिथंच बोलायला हवं होतं. मी आईसाठी चहा आणायला गेलो.

मागच्या महिन्यात आई गेली तेव्हा मी खाटेशी होतो. हात खरोखर धरला होता. दुपारी तिनं डोळे उघडले. ‘प्रभाकर, सरोज तसंच म्हणाली होती ना रे?’

‘हो आई. अगदी तसंच.’

म्हणजे एकदाच नाही. दोनदा.

आईची कबर आता त्या शेवग्याच्या सावलीत आहे. येत्या ईस्टरला तिलाही चुना लावेन. त्या आयाला मी कधी शोधलं नाही. सरोज शेवटी काय बोलली, मला माहीत नाही. मी स्वतः ऐकलेलं तिचं शेवटचं वाक्य एवढंच आहे. दारातून वळलो, तेव्हा ती खाटेवरून म्हणाली होती:

‘दादा, लवकर ये हं.’