मी सांगितलेला ऑस्ट्रेलिया

“गप बसा की रं सगळी! ती कोंबडी पण हाकला तिकडं.”

कवठे महांकाळच्या अंगणात मामा ओरडत होते. पलटणीतला आवाज, तीन रानं पलीकडचा बैलसुद्धा पाय जुळवून उभा राहिला असणार. हातातल्या फोनवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं होतं. भांडून परदेशी गेलेल्या त्यांच्या मुलाचा चार वर्षं पत्ता नव्हता, आणि आता त्याच्या जुन्या मित्राकडून फिरत फिरत हे आलं होतं. एक बाई इंग्रजीत सांगत होती, तुमचा मुलगा बरा आहे, काळजी करू नका. कुठून बोलतेय, ते मित्रालाही ठाऊक नव्हतं.

देश ओळखायला मला साताऱ्याहून बोलावलेलं. दोष माझाच. पुण्याच्या कॉल सेंटरात आठ वर्षं मी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची गिऱ्हाइकं सांभाळली, आणि दर लग्नाच्या पंगतीत सांगत आलो की माणूस नुसता शिंकला तरी मी देश सांगतो. खरं तर त्या दोन बोली सातारा-सांगलीइतक्या जवळच्या. निम्म्या वेळा मी पडद्यावरचा पत्ता वाचूनच ओळखायचो.

निम्मं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. मी डोळे मिटले, मान डोलवली आणि देशाबरोबर शहरही देऊन टाकलं. ऑस्ट्रेलिया, मेलबर्न, पैजेवर. मामींनी देवापुढं साखर ठेवली.

परतीच्या एसटीत, माझ्या फोनवर घेतलेलं ते बोलणं कानाला लावून पुन्हा ऐकलं. ती प्रत्येक ‘इ’ दाबून पार ‘अ’ करत होती. मेलबर्नची बाई तीच ‘इ’ ताणते. न्यूझीलंड. लगेच फोन करायला हवा होता. पण साखर वाटून झाली असणार, असं म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मामा मुलाचा फोटो खिशात घालून हिंडू लागले. कुणाची सून सिडनीला, कुणाचा पोरगा मेलबर्नला. कराड, दहिवडी, प्रत्येक दारात जाऊन फोटो दाखवायचा. लोक म्हणायचे, देश लय मोठा हाय. मामा म्हणायचे, असू द्या, आपलं माणूस आपल्या माणसाला हुडकतंय.

दीड वर्षानं लोणंदचं असंच एक घर करून ते माझ्याकडं चहाला आले. टाचा फुटल्या होत्या.

“आवं मामा, ती बाई न्यूझीलंडची हाय. मला त्याच दिवशी कळलं हुतं.”

माझ्या थापांची सवय, म्हणून आधी ते हसले. मग माझा चेहरा बघितला. फोटो खिशात सरळ केला.

“तिकडं आपल्यातलं कोण न्हाई रं,” ते म्हणाले.