खोट्या पोटावरचं ऑपरेशन

सरकारी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी घरी बसून बायकोचं डोकं खाणार, हे मुलाने आधीच ओळखलं होतं. त्यानेच मला बंगळुरात व्हाइटफील्डच्या एका प्रशिक्षण केंद्रात चिकटवलं. तिथे शिकाऊ सर्जन रबराच्या पोटावर दुर्बिणीने ऑपरेशन करतात. ते पोट, आतलं दाखवणारा पडदा, वेळ आणि सफाई बघून गुण देणारं यंत्र आणि सर्जनच्या डोक्याला बांधायचा पट्टा सांभाळणं माझ्याकडे. हात चालताना मेंदूवर किती ताण येतो, ते त्या पट्ट्यावरून कळतं.

निपाणीकडची एक तरुण डॉक्टर तिथे शिकायला यायची. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी काका म्हणायला लागली. हात असा सफाईदार, की पित्ताशय सोडवताना बघत राहावं. पण तिच्या शिक्षिका, आमच्या मोठ्या मॅडम, तिला काही केल्या खरा पेशंट देत नव्हत्या. बरोबरचे दोघे कधीच पुढे गेले होते. घरून फोन आला की काय सांगायचं, हा तिला प्रश्न पडायचा. मला तर मॅडमचा रागच यायचा.

एकदा मॅडमनी मला चालू ऑपरेशनमध्ये त्या रबरी पेशंटचा ऑक्सिजन यंत्रावरून उतरवायला सांगितला. ऑक्सिजन उतरला की मॉनिटरचा सूर खाली खाली जातो आणि मुरलेला सर्जन नुसत्या त्या सुराने थांबतो. सूर उतरला. मदतीला उभ्या सिस्टरनेही ऑक्सिजन उतरल्याचं सांगितलं. ही "सरी, सरी" म्हणाली आणि कापत राहिली. बंगळुरात आपण सगळेच रिक्षावाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत अर्धवट ऐकून सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणतो, आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. सिस्टर काय म्हणाली, असं मॅडमनी नंतर विचारलं, तेव्हा तिचा चेहरा पडला.

"मला ऐकूच आलं नाही ओ काका," ती मला म्हणाली.

मी तिला पट्ट्याचा आलेख दाखवला. हात शांत होते, पण डोक्यात इतकी गर्दी, की कानाने आलेलं आत शिरायला जागाच नव्हती.

ती रडत बसली नाही. त्या दिवसापासून कुणी काही सांगितलं की आधी ते मोठ्याने म्हणून दाखवायची, मगच सरी. डबा खाऊन घे म्हटलं, तरी "डबा खाऊन घ्यायचा, सरी." आम्ही तिची यथेच्छ टिंगल केली. तिने सोडलं नाही.

पुढच्या परीक्षेत मॅडमनी रक्तस्राव सुरू करायला लावला. पडदा लाल झाला. सिस्टरने रक्तदाब उतरल्याचं सांगितलं. तिने रक्त येत होतं तिथे चिमट्याने दाबून धरलं, हात थांबवले आणि म्हणाली, "रक्तदाब उतरतोय. मॅडमना बोलवा, हे मला एकटीला जमणार नाही."

त्यात वेळ गेला आणि माझ्या यंत्राने तिला आजवरचे सगळ्यात कमी गुण दिले. ते बघून तिने हातमोजे काढले आणि स्टुलावर बसली. आता संपलंच, असं मलाही वाटलं.

मॅडम आत आल्या. गुणांकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "गुरुवारचा पेशंट तुझा. अशीच हाक मार, मी शेजारीच उभी असेन."